टेपचं दुसरं टोक

त्या शनिवारचं काम तसं अगदी साधं होतं. तीस मीटरचा टेप, वही आणि दोन पेन्सिली घेऊन शाहूवाडीच्या बाजूला एका सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर जायचं, मापं घ्यायची आणि दिवस मावळायच्या आत कोल्हापुरात परत यायचं. आईला मी सांगून निघाले होते, जेवायला येते म्हणून. आमच्याकडे दिवसाउजेडीच जेवतात. म्हणजे साडेपाचला मी घरात असायला हवं होतं.

मी भित्री आहे हे आधीच सांगून टाकते, नाहीतर ऐकताना तुम्हीच म्हणाल. ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. प्रिंटर मध्येच घरघरला तरी मी दचकते. राजवर्धन माझ्याच बरोबर लागलेला, तो मुद्दाम मागून येऊन टेबलावर पट्टी आपटतो आणि म्हणतो, "चंदना, आर्किटेक्ट कशाला झालीस? ससा व्हायचं होतंस." सगळे हसतात. मीही हसते. दुसरं काय करणार?

म्हणून तर ते काम मला मिळालं याचं मला फार अप्रूप होतं. त्या सड्यावर वीरगळ आहेत. लढाईत पडलेल्या माणसांच्या नावानं उभे केलेले दगड. साठेक असतील. कुणाच्या गुडघ्याला लागतील असे, फार तर कमरेपर्यंत. जांभ्या खडकाचं माळरान, बारीक गवत, मधे एक तळं आणि हे दगड, एवढंच. अलीकडे तिथं गाड्या भरभरून माणसं यायला लागली, म्हणून माहिती केंद्र बांधायचं ठरलं. दोन खोल्या, पाणी, स्वच्छतागृह, सावलीला बसायची जागा. आमच्या उदयसिंह सरांचं म्हणणं एकच होतं, "येणाऱ्याला इमारत दिसायला नको. दगड दिसले पाहिजेत." मी जांभ्याच्या बुटक्या भिंती घेतल्या, छतावर माती आणि गवत घेतलं. जागा मात्र सापडत नव्हती. तीन आठवडे मी ड्रोनने काढलेला नकाशा उलटासुलटा करून बघत होते. शेवटी ऐन दगडांच्या मधोमध एक पांढरा तुकडा दिसला. चौतीस बाय वीस मीटर. त्यात एकही दगड नाही, झाड नाही, काही नाही. जणू आमच्यासाठीच कुणीतरी सोडून ठेवलेला. ती रिकामी जागा मी शोधली, आणि नकाशाच्या कोपऱ्यात पहिल्यांदाच माझं नाव आलं.

सोमवारी वारसा समितीची बैठक होती. त्यांची अट अशी की भिंतीपासून सहा मीटरच्या आत एकही दगड नको, आणि हे हातानं मोजून दाखवा. शिवाय भोवतालच्या प्रत्येक दगडाची उंचीही लिहा.

"कमी भरलं तर तसं सांग," सर म्हणाले. "जागा बदलू. मग तुझं डिझाइन गेलं असं समज. राजवर्धननं खाली रस्त्याकडेची स्कीम करून ठेवली आहेच."

राजवर्धन पट्टी फिरवत बसला होता.

बरोबर बाळासोमामा होते. ऑफिसची गाडीही तेच चालवतात आणि टेपही तेच धरतात, वीस वर्षं झाली. टेप लावायला माणसं दोन लागतात बघा. एकानं शून्याचं टोक जागेवर दाबून धरायचं, दुसऱ्यानं डबी घेऊन लांब जायचं आणि आकडा वाचायचा. मामा टोक धरलं की "झिरो" म्हणून आरोळी देतात आणि टेपला दोन हिसके देतात. मग मी वाचायचं. टेप गुंडाळताना चांगला माणूस टोक सोडून देत नाही, हातात धरून चालत चालत आपल्याकडे येतो. नाहीतर टोकाची कडी दगडांवर आपटून वाकते. मामांच्या हातातला टेप कधी वाकला नाही.

सड्याच्या पायथ्याला अंबूबाईंचं घर. त्या दगडांना तेल घालतात, अमावस्येला नैवेद्य ठेवतात. त्यांच्या सासूनंही तेच केलं. आम्ही पोचलो तेव्हा त्यांनी बळंच चहाला बसवलं.

"कुठं बांदतायसा?"

मी नकाशा उलगडून चटईवर पसरला. मला वाटलं, त्यांना काय कळणार. पण त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि बोट नेमकं त्या पांढऱ्या तुकड्यावर ठेवलं.

"ह्ये का मोकळं हाय, म्हाईत हाय का?"

"तिथं दगड नाहीत ना, आजी."

"दगूड न्हाईत, पन मानसं हाईत की. ज्येंच्या मागं दगूड उबा करायला कोन ऱ्हायलंच न्हाय, त्येंची जागा ती. सोडल्याली हाय. आमची जनावरंबी त्यातनं जात न्हाईत."

बाळासोमामा फुर्रकन चहा ओढून हसले. "मावशे, ह्या म्यॅडम चिमणीला बी भित्यात. कशाला वाढवतीस? परत जाताना मलाच गाडीत गाणी म्हनाय लागत्याली."

अंबूबाई हसल्या नाहीत. माझ्याकडेच बघत होत्या. "जा बाई, बग, फिर. पन माप घिऊ नगंस. माप घेतलं की त्यास्नी वाटतंय, आपला दगूड आला."

मी मान डोलावली. आता खरं सांगते, एरवी मी तिथूनच मागं फिरले असते. पण त्या दिवशी माझ्या मनात उलटंच आलं. आजवर मी ज्या ज्या गोष्टीला भ्याले, ती प्रत्येक शेवटी काहीच नव्हती. माळ्यावरचा आवाज म्हणजे घूस, जिन्यातली सावली म्हणजे वाळत घातलेली चादर. दर वेळी मीच वेडी ठरले. म्हणून मी ठरवलं, या वेळी भ्यायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःच्या भीतीचं ऐकलं नाही.

वर पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. भाद्रपदातलं आभाळ, पाऊस नव्हता, पण धुकं तळ्याकडून सरकत येत होतं. मामांनी गाडी वाटेच्या कडेला लावली आणि रेनकोटची टोपी वर ओढली.

"मी कडंकडंनं धरतो," ते म्हणाले. "त्या मोकळ्यात काय माझा पाय पडायचा न्हाय."

"मामा, तुम्ही पण?"

"म्हातारीचं मन मोडू नये," म्हणून ते दुसरीकडेच बघायला लागले.

मग मी आत आणि ते बाहेर, असं काम सुरू झालं. मी केंद्राच्या होणाऱ्या कोपऱ्यावर उभी, ते एकेका दगडापाशी. "झिरो." दोन हिसके. सहा पूर्णांक चाळीस. "झिरो." सात दहा. सगळं नियमात भरत होतं. मला इतकं हलकं वाटलं की मी चक्क गुणगुणत होते.

पाचसहा मापं झाली आणि धुकं अंगावरच आलं. आधी तळं गेलं. मग गाडी. मग मामा. माझ्या हातातून पिवळा टेप निघून पांढऱ्यात शिरत होता आणि दोन हातांवर नाहीसा होत होता. वास यायला लागला... ओल्या लोकरीचा, आणि त्याच्याखाली लोखंड भिजल्यावर येतो तसा. मामांची आरोळी यायची थांबली. मला वाटलं, घसा बसला असेल. हिसके मात्र वेळेवर येत होते. मी नुसतं मनात म्हणावं, आता पुढचा दगड, की टेप ताणला जायचा. दोन हिसके.

काम इतकं भराभर कधी झालं नव्हतं.

अंतरं संपली म्हणून मी ओरडले, "मामा, आता उंच्या घेऊ. पायाशी तुम्ही धरा." उत्तर आलं नाही. पण टेप सैल पडला, आणि माझ्या अगदी जवळ, खाली, कुणीतरी बसल्याचा आवाज झाला. गुडघे वाजतात ना म्हाताऱ्या माणसाचे, तसा. मला स्वतःचे बूट दिसत नव्हते. खाली वाकलेली एक पाठ तेवढी दिसत होती, घोंगडं पांघरलेली. समोर दगडाचा काळपट आकार. मी टेप वर ओढला, दगडाच्या माथ्यावर तळवा टेकवला, आकडा वाचला. लिहिला. दोन पावलं बाजूला. पुढचा. माथा ओला होता, मऊ, जरा केसाळ. शेवाळ, म्हटलं. पावसाळ्यात धरतंच.

अकरा झाल्या. बाराव्याला हात पुढे केला तर समोर काहीच नव्हतं. नुसतं धुकं.

"झालं वाटतं," मी म्हणाले. "चला मामा. गुंडाळते."

घोंगडं उठलं आणि टोक धरून लांब गेलं. ते लांब का गेलं, हा प्रश्न मला पडला नाही. मला वाटलं, गुंडाळायच्या आधी नीट ताणून घेतायत. मी डबीची मूठ फिरवायला लागले. टेप सुरेख येत होता. कडी आपटत नव्हती. कुणीतरी टोक हातात धरून चालत येत होतं, गवतातून, जपून पाऊल टाकत. पावलं ऐकू येत होती... आणि ती दोन पायांची नव्हती. खूप होती. सगळी एका वेगानं चालत होती.

मी मूठ फिरवायची थांबले. पावलंही थांबली.

तीन मीटर राहिले होते. टेप माझ्या हातापासून सरळ, छातीच्या उंचीवर, धुक्यात गेला होता. थरथरतसुद्धा नव्हता.

"मामा..." मी म्हणाले. "सोडा की आता."

पलीकडून कुणीतरी श्वास आत घेतला. काहीतरी सांगायचं असावं, आणि सांगावं की नको असं होत असावं, तसा. मग टेप सोडला. एकदम नाही. एखाद्या लहान मुलाच्या हातात वस्तू देतात ना, तसा हळूच.

त्याच क्षणी, माझ्या पाठीमागे, कुठल्या कुठं, गाडीचा हॉर्न वाजला. मी त्या दिशेनं कशी पळाले मला माहीत नाही. मामा स्टिअरिंगवर बसून हॉर्न दाबत होते. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"कुठं हुतासा? पाऊन तास झाला हॉर्न मारतोय. धुकं आलं तसा मी टेप सोडला आनि तुमास्नी हाका मारत फिरलो. ऐकायलाच तयार न्हाईसा."

"मग टोक कुणी धरलं?"

त्यांनी घाईघाईनं गाडी सुरू केली. त्यांच्या अंगात निळा रेनकोट होता. सकाळपासून तोच होता. मी इतका वेळ घोंगडं बघत होते, आणि मला तो आठवला नव्हता.

गाडी खाली उतरत असताना मी वही उघडली. अंतरं ठीक होती. त्याखाली माझ्याच अक्षरात, एकाखाली एक, उंच्या. एक पूर्णांक अडुसष्ट. एक त्रेसष्ट. एक एकाहत्तर. अशा अकरा. तिथला कुठलाच दगड एक मीटरचाही नाही. आणि तेव्हा मला आठवलं की काही आकडे वाचताना मी मान वर केली होती. तळवा टेकवायला टाचा उचलल्या होत्या.

मामांनी गाणी म्हटली नाहीत.

रविवारभर मी पलंगावर पडून होते. आईला वाटलं ताप आहे. मनात एकच चाललं होतं, सोमवारी काय सांगायचं. सांगितलं तर जागा बदलणार, डिझाइन जाणार, आणि आयुष्यभर लोक म्हणणार, धुक्याला घाबरली म्हणून प्रोजेक्ट घालवलं. नाही सांगितलं तर... नाही सांगितलं तर काय होणार, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसलेलं मी बाजूला ठेवलं. वहीतलं ते पान फाडलं, तुकडे केले, गॅसवर जाळले. अंतरं नव्या पानावर उतरवली. उंच्या ड्रोनच्या यादीतून घातल्या.

बैठकीला जाण्याआधी सरांनी विचारलं, "चंदना, प्रत्यक्ष जाऊन आलीस. कुठं काही अडचण वाटली?" त्यांनी खरोखर विचारलं होतं. चष्मा काढून, माझ्याकडे बघून. राजवर्धन दारातच उभा होता.

"नाही सर," मी म्हणाले. "जागा रिकामी आहे."

मंजुरी मिळाली. समितीतल्या एका बाईंनी माझा हात हातात घेऊन सांगितलं की इतकी विनम्र इमारत बऱ्याच दिवसांनी बघितली. सड्यावर फलक लागला, त्यावर माझं नाव आणि फोन नंबर. बाबांनी त्याचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

भूमिपूजनाला अंबूबाई आल्या होत्या. लांब, गवतात उभ्या होत्या. नारळ फुटल्यावर मी त्यांच्याजवळ गेले, म्हटलं रागावल्या असतील.

"किती निघालं?" त्यांनी विचारलं.

"काय, आजी?"

"माप घेतलंस न्हवं? किती मानसं निघाली?"

मी मागं, फुटलेल्या नारळाकडे बघितलं.

"मापलंयस तर आता दगूड द्याला लागतोय, बाई," त्या शांतपणे म्हणाल्या. "न्हाय दिलास तर मागायला येत्याली. त्यात त्येंचं काय चुकलं? आशा तू लावलीस."

मी हो म्हणाले. दगड करायला सांगते म्हणाले. खरंच सांगणार होते. पण कुणाला काय म्हणून सांगायचं? सरांना खर्चाच्या कागदावर काय दाखवायचं, अकरा दगड, कशासाठी? पाया खणला तेव्हा मी दोन दिवस श्वास रोखून होते. काही निघालं नाही. हाड नाही, भांडं नाही, स्वच्छ जांभा. मग भिंती उठल्या. थंडी गेली, उन्हाळा आला, आणि मी हळूहळू पुन्हा ती जुनी गोष्ट स्वतःला सांगायला लागले, की मी भित्री आहे आणि शेवटी काहीच नसतं. बाळासोमामांनी मात्र सड्याची फेरी परत कधी घेतली नाही. कमरेत उसण भरली म्हणतात.

परवा बुधवारी, भर दुपारी बारा वाजता, ऑफिसात सगळे डबे उघडत असताना मला फोन आला. अनोळखी नंबर.

"चंदना म्यॅडम का? मी कृष्णात पाथरवट बोलतोय. फलकावरनं नंबर घेतला तुमचा. तुमची दगडं तयार झाली की. न्ह्यायला गाडी धाडा."

"आमचा सगळा जांभा आलाय," मी म्हणाले. "तुमचा काहीतरी घोटाळा होतोय."

"जांभा न्हवं ओ. घडीव दगूड. अकरा. मापं एकदा पडताळून घ्या, म्हंजे नंतर भांडान नको. एक अडुसष्ट. एक त्रेसष्ट. एक एकाहत्तर..."

ते वाचत गेले. मी डोळे मिटून ऐकत होते. पुढचा आकडा त्यांच्या आधी मला येत होता.

"ही मापं... कुणी दिली तुम्हाला?"

"तुमचाच मानूस की. तोंडपाठ सांगितली. महिना झाला. आता पुन्ना आलाय, चार दिस झालं हितंच कट्ट्यावर बसून हाय. त्याचं स्वतःचं म्हनं माप ऱ्हायलंय. बाकीच्यांची घेताना टेपचं टोक त्यानंच धरलंतं, म्हनून त्याचं तेवढं घ्यायचं ऱ्हायलं. म्यॅडम येऊन घेत्याली म्हनतोय. तवर जात न्हाय."

समोर राजवर्धननं मला चपाती पुढे केली होती. माझा चेहरा बघून त्यानं हात तसाच ठेवला.

"नाव काय त्याचं?" मी विचारलं.

"इचारलं. हसला नुसता. म्हनला, तेच तर कुटं लिवल्यालं न्हाय." कृष्णात चार पावलं बाजूला गेले असावेत, कारण त्यांचा आवाज एकदम खाली आला. "म्यॅडम, लवकर या तेवढं. मानूस काय वाईट न्हाय, चहा दिला की हात जोडतोय. खरं हितं चार दिस लाही लाही करनारं ऊन पडलंय... आनि त्याच्या अंगावरनं पानी गळायचं थांबंना झालंय."